उजव्या गालातली हवा

आजारी माणसाला घरात मान असतो, पण आजार चारचौघांत सांगण्यासारखा हवा. काविळीला उसाचा रस येतो, पाय मोडला की प्लॅस्टरवर सह्या होतात. ‘दाढ काढताना गालात हवा भरली’ असं सांगितलं, की समोरचा आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग हसू दाबायला खिडकीबाहेर.

माझी खालची अक्कलदाढ आडवी झोपली होती. अशी दाढ सरळ उपटता येत नाही. हिरडी उचलून, तुकडे करून काढावी लागते. तुकडे करायचा एअरोटर दाबाच्या हवेवर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. १९५७ साली तो अमेरिकेत बाजारात आला आणि दात कोरण्यात त्याचा हात धरणारं कुणी उरलं नाही. फक्त वापरलेली हवा तिथेच तोंडात सोडायची त्याला खोड आहे. हिरडी उघडी सापडली, की ती हवा आत घुसते आणि कातडीखालच्या पदरांतून वाट काढत गाल, डोळा, मान असा जमेल तिथे मुक्काम ठोकते. म्हणून अशा कामाला हवा मागच्या बाजूने सोडणारं किंवा विजेवरचं यंत्र घ्यावं म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी ते घेतलं नव्हतं.

खुर्चीतच माझा उजवा डोळा बारीक व्हायला लागला. मदतनीस मुलगी ‘अय्या!’ म्हणाली. दवाखान्यात हा शब्द कुणी उच्चारू नये. औषधाची ॲलर्जी समजून डॉक्टरांनी अंगावर गांधी शोधल्या, श्वासाची चौकशी केली आणि शेवटी दोन बोटांनी गाल दाबला. कुर्रर्र. चुरमुऱ्यांच्या पिशवीवर हात पडावा तसा आवाज! मी पांढराफटक, आणि डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळलेला. ‘हवाच आहे!’ ॲलर्जीची सूज वाजत नाही म्हणे.

तरी छातीचा एक्सरे झाला. ही हवा घशामागून खाली उतरून छातीत, हृदयाच्या आसपास पोचू शकते. मग त्यात हसण्यासारखं काही राहत नाही. माझी गळ्याशीच थांबली होती. अँटिबायोटिक मिळालं, कारण हवा एकटी येत नाही, तोंडातले जंतूही सोबत आणते. बाकी इलाज म्हणजे वाट बघणं. साधारण तीन ते दहा दिवसांत शरीर हवा जिरवतं. तोवर नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉ नको, फुगा नको, फुंकून वाजवायचं काहीच नको.

‘डॉक्टर, घरी गणपती आहेत. शंख माझ्याकडे असतो.’

डॉक्टर गंभीर झाले. पुढे वाचनात आलं, की या प्रकाराची पहिली नोंद टर्नबुल नावाच्या गृहस्थांनी १९०० साली केली, आणि त्यांचा रुग्ण दात काढल्यावर बिगुल वाजवायला बसला होता. माझी सगळी सहानुभूती त्या बिगुलवाल्याला. त्याच्या काळी एअरोटर नव्हता; त्याने हवा स्वकष्टाने भरली होती.

घरी आत्याने बघताक्षणी निदान केलं, ‘वात आहे. हिंग लाव.’ खरं तर एक्सरेपेक्षा हे स्वस्तात पडलं असतं. शेजारचे काका सुई टोचून हवा सोडण्याबद्दल कळकळीने बोलत होते. त्यांचं आयुष्य सायकलच्या दुकानात गेलंय. भाचा तर गालापासून हलेना. ‘मामा, परत वाजव ना!’ दुखत असतं तर निदान ओरडता तरी आलं असतं. पण गाल नुसता ताणल्यासारखा वाटत होता, त्यामुळे ‘हात लावू का जरा?’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना नाही म्हणायला सबबच नव्हती. प्रसादाला पुढे आलेला हात आधी गालावर पडायचा, मग मोदकाकडे वळायचा.

संध्याकाळच्या आरतीला शंख मेहुण्यांकडे गेला. त्यांनी डोळे मिटले, छाती भरली, सगळा जोर लावला. शंखातून फुसकन वारा सुटला. पुन्हा जोर, पुन्हा फुस्स.

आत्या टाळ्या थांबवून म्हणाली, ‘अरे, याच्या गालातली थोडी जावईबापूंना द्या रे कुणीतरी!’