ओढायला जागा

नगर जिल्ह्यात नव्या गाडीला तीन गोष्टी लागतात: हार, लिंबू-मिरची आणि गार्ड. हार दुसऱ्या दिवशी वाळतो, लिंबू-मिरची आठवड्याला बदलते. गार्ड मात्र टिकतो आणि मालकाची पत वाढेल तसा वाढतो. आधी एक आडवा पाईप येतो, मग त्यावर दुसरा, मग दिव्यांभोवती कुंपण, मग मधे जाळी. निवडणूक तोंडावर आली की काचेवर ‘भावी’ चढतो आणि गार्ड बॉनेटच्याही वर जातो. समोरून येणाऱ्याला आधी गार्ड दिसतो, मग गाडी, आणि माणूस सगळ्यात शेवटी, तोही काळ्या काचेमुळे अंदाजानेच.

याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं न लावण्याची तिथली रीत बघायला लांबलांबून लोक येतात. येतात ते पुढे लोखंड बांधलेल्या गाड्यांतून, आणि उतरल्यावर गाडीला कुलूप लागलं ना, हे दोनदा ओढून बघतात. घराचा भरवसा शनिदेवावर टाकता येतो. रस्त्याचा भरवसा चॅनल-पाईपावर टाकावा लागतो, अशी एकंदर वाटणी दिसते.

तसं धातूचं वेड नगरला जुनंच. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली ओतली गेली ती इथे, निजामशाहीत. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा 1948 पासून इथे आहे. लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आहे. घरोघरी पोचलेली लूना काढणाऱ्या कायनेटिकचा कारखानाही इथलाच. 2024 साली जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला; गॅरेजांत अजून नगरच म्हणतात, आणि गॅरेजात ‘मजबूत’ याचा अर्थ जड असाच आहे.

आमच्याकडे एक जुनी फोर बाय फोर एमएम 540 जीप आहे. तिचा पुढचा बंपर म्हणजे पत्रा दाबून केलेला एक साधा आडवा चॅनल, चासीच्या दोन टोकांना बोल्टांनी धरलेला. त्यात ना नक्षी ना डौल. तो तिथे आहे हेही सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शेवगाव तालुक्यात मामांच्या शेतात मात्र त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता. काळ्या रानात जीप अशी बसली की चारही चाकं फिरत होती आणि गाडी तसूभरही हलत नव्हती. फोर बाय फोरचा हा एक फायदा असतो: साधी गाडी बांधावर रुतते, ही रानाच्या मधोमध जाऊन रुतते.

मामांनी ट्रॅक्टर आणला, बंपरला साखळी गुंडाळली आणि पहिल्या गिअरात ओढ घेतली. ‘कट्’ असा आवाज आला, पाठोपाठ आणखी एक. ट्रॅक्टर निघाला, साखळी निघाली, बंपर निघाला. जीप राहिली. मामा मागे न बघता पार बांधापर्यंत गेले, मग थांबून वळून म्हणाले, “भाचेराव, गाडी लय हलकी आहे हो तुमची!”

जीप कशीबशी बाहेर काढली आणि बंपर मागे टाकून एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एका मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस एरवी उसाच्या ट्रॉल्या बांधतो. ट्रॉली बांधणाऱ्याला नाजूक काम सांगू नये असा एक समज आहे. तो खरा नाही. त्याला फक्त नाजूक कामाचं प्रयोजन पटत नाही.

“बजेट काय, सर?”

“कमीत कमी.”

“मग वजनावर घ्या. डिझाइनवर घेतलं तर महाग पडतं.”

त्याने खडूने फरशीवर बंपर काढला. चार इंची चॅनल, त्यावर पाच मिलिमीटरचा पत्रा, वर दोन इंची सी-क्लास पाईपचा गार्ड. लोखंड कुठून आणायचं याचाही आराखडा तयार होता. चॅनल मोडक्या ट्रॉलीचा, पत्रा भंगारातून, आणि पाईप माझ्याच घरचा, बोअरमधून काढलेला असेल तर. “फक्त जीआय नको. जस्ताचा धूर लागला की रात्री ताप चढतो,” एवढी एक अट होती. गूळ खाल्ला की तो धूर बाधत नाही असं त्याच्या हाताखालच्या पोराचं म्हणणं होतं, आणि गूळ त्याने आधीच तोंडात टाकलेला होता.

मी त्याच फरशीवर शेजारी वजन मांडलं. चॅनल मीटरला नऊ-साडेनऊ किलो, दीड मीटरचे झाले चौदा. दीड मीटर लांब, एक फूट रुंद पत्रा अठरा किलो. सी-क्लास पाईप मीटरला सहा किलोच्या वर. चार मीटरचे पंचवीस. बेरीज सत्तावन्न. म्हणजे गाडीच्या नाकावर एक माणूस कायमचा बसवायचा, जो कधी खाली उतरणार नाही आणि धक्का मारायच्या वेळीही बसूनच राहील. शिवाय हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे. त्यामुळे पुढच्या पाट्यांवर सत्तावन्नाहून जास्तच भार येतो आणि मागची बाजू तेवढी हलकी होते. मग पाटे बसतात, ते उठवून घ्यायचा खर्च. दिव्यांचे झोत खाली येतात, ते लावून घ्यायचा खर्च. आणि चाकापुढे लोखंड जितकं लांब, तितकं ते बांधाला आधी टेकतं. अकोले तालुक्यात रतनवाडी-घाटघरच्या बाजूला एखाद्या ओहोळात उतरताना चाक पाण्यात पोचण्याआधी गार्ड समोरच्या काठात घुसणार. स्वस्तातला बंपर पुढच्या दोन वर्षांत हळूहळू महाग होतो, तो असा हप्त्याहप्त्याने.

कायद्याचा हप्ता वेगळाच. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र धाडून असल्या गार्डांवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा: गाडी कंपनीने नोंदवली तशीच ठेवायची. कारणं समजण्याजोगी आहेत. पायी चालणाऱ्याला पत्र्याने जेवढं लागेल त्याहून पाईपाने कितीतरी जास्त लागतं. नव्या गाड्यांत एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असं करायचं, म्हणजे धडकेचा जोर आतल्या माणसापर्यंत पोचता पोचता कमी होतो, हा विचार मर्सिडीजच्या बेला बारेनीने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. त्या नाकापुढे आपण पाईप बांधतो, आणि मग गाडीला ओरखडाही न येता माणसाची बरगडी मोडते. आमच्या जीपला एअरबॅग नाही, चुरगळणारं नाकही नाही. ती कामगिरी तिने पहिल्या दिवसापासून चालकाच्या गुडघ्यांकडे सोपवलेली आहे.

पण मला खरं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. गार्डाची सगळी आखणी समोरून काहीतरी येऊन आदळेल या भीतीवर उभी आहे. आमच्या बंपरवर तर कुणीच आदळलं नव्हतं. तो गेला होता ओढल्यामुळे. ढकललं की बंपर चासीवर रेलतो आणि चासी त्याला आधार देते. ओढलं की सगळा ताण त्या चार बोल्टांवर आणि वायसरच्या मागच्या गंजक्या पत्र्यावर येतो. साखळीला झोल असताना ट्रॅक्टरने हिसका दिला तर हा ताण कितीतरी पट वाढतो. सत्तावन्न किलोचं लोखंड त्याच जुन्या बोल्टांवर टांगलं असतं, तर पुढच्या पावसात मामा जास्त वजनाचं काहीतरी घेऊन बांधापर्यंत गेले असते, एवढाच फरक.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात ओढण्याची ही गोष्ट मोकळ्या मैदानात मांडून ठेवलेली आहे. 1994 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. शाळेची सहल गेली की पोरं तोफेच्या नळीखाली फोटो काढतात. आपण जरा खाली वाकून बघावं. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे, मॅटिल्डा आहे, चर्चिल आहे, आपली विजयंता आहे. रणगाड्याच्या नाकाशी, जिथे जाडजूड पोलाद, तिथेच दोन कड्या डकवलेल्या दिसतात. त्या ओढायच्या कड्या. एवढं चिलखत चढवणाऱ्यालाही आपण कधीतरी रुतणार आणि दुसऱ्या कुणालातरी साखळी घेऊन यावं लागणार, हे पक्कं ठाऊक असतं. तिथेच पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटनही आहे. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, आणि पॅटनसारखे पॅटन उसाच्या रानात रुतून बसले. समोरचं चिलखत जाडजूड होतं, पण चिखल समोरून येत नाही, खालून येतो. ही गोष्ट नगरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ऊस आणि पाणी एकत्र आल्यावर रानाचं काय होतं, ते प्रवरेकाठी जन्मलेल्या कुणालाही विचारा.

मिस्त्रीला म्हटलं, गार्ड राहू दे. आहे तोच बंपर सरळ कर आणि ओढायला जागा दे. त्याचा चेहरा जरा पडला. ट्रॉली मागायला आलेल्याने फक्त बिजागरी मागावी, तसं त्याला झालं असावं. पण काम त्याने मन लावून केलं. वाकलेला चॅनल घणाने सरळ केला. त्याची मागची उघडी बाजू चार मिलिमीटरच्या पट्टीने बंद करून त्याची पेटी केली. आधी जागोजाग टाके मारले, मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असं आलटून पालटून वेल्डिंग केलं, पट्टी तापून वाकू नये म्हणून. वरची खपली हातोडीच्या एका टिचकीने सबंध निघाली, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं; वेल्डिंग बसल्याची ती पावती होती. पाणी साचून आतून गंजू नये म्हणून पेटीला खालून दोन भोकं पाडली. वाढलेलं वजन साडेचार किलो.

हुकाचं काम आणखी सावकाश. बंपरला हुक लावायचाच नाही, असं तो ठामपणे म्हणाला. हुक थेट चासीला, दोन्ही बाजूंना एकेक, आणि वेल्डिंगने नाही, बोल्टाने. चासीच्या आतून तळहाताएवढी जाड पट्टी, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. बोल्टाच्या डोक्यावरचा 8.8 चा आकडा त्याने अंगठ्याने पुसून मला दाखवला. आकडा नसलेला बोल्ट चार पैशांनी स्वस्त मिळतो. ही बचत माझ्या बजेटमध्ये बसते का, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तसला बोल्ट बाजूला टाकला. शेवटी रेड ऑक्साईडचा हात मारला. निघताना म्हणाला, “ओढताना साखळीवर ओलं पोतं टाकत जा, सर. तुटली तर उडत नाही, जागच्या जागी पडते.” या सल्ल्याचे पैसे लावले नाहीत.

गाडी दिसायला होती तशीच राहिली. गल्लीत कुणी विचारलंही नाही, काय काम केलं म्हणून. फरक पडला तो पावसाळ्यात. गार्ड लावलेली गाडी बघून लोक बाजूला होतात; हुक लावलेली गाडी बघून हात करतात. घोडेगावच्या बाजाराला निघालेला कांद्याचा एक पिकअप रस्त्याच्या कडेला साइडपट्टीत कलंडायला आला होता. त्याला आमच्या जीपने, ओल्या पोत्यासकट, हळूहळू वर काढलं. ड्रायव्हरने डिझेलचे पैसे देऊ केले, मी नको म्हटलं. मग त्याने कांद्याची अख्खी गोणी मागच्या सीटवर टाकली. एवढे कशाला, म्हटलं, तर म्हणाला, “घ्या हो, या भावात बाजारापर्यंत नेणं तेवढंच महाग पडतंय.”