जरा ढोल थांबवा, सिनेमा दिसत नाहीये

हल्लीच्या मराठी सिनेमात घरातलं म्हातारं माणूस गेलं, की ती बातमी आधी व्हायोलिनला कळते आणि मग घरच्यांना. बासरी वाजली की समजायचं, गाव आलं. सनई रडायला लागली की पोरगी सासरी निघाली. ढोल वाजले की महाराज येताहेत, आणि ढोल थांबतच नसतील तर महाराज स्लो मोशनमध्ये येताहेत. तिकिटाच्या पैशात स्वतःचे डोळे, कान आणि थोडीफार अक्कल आत नेण्याची मुभा असते, असा माझा समज होता. पण जेवणाऱ्याच्या शेजारी बसून कुणी 'आता चावा, आता गिळा' म्हणत राहावं, तसं हे पार्श्वसंगीत अडीच तास कानाशी बसलेलं असतं. घास तोंडात आहे हो, चावतोय मी!

१९३७ साली पुण्यात प्रभातने 'कुंकू' काढला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, दिग्दर्शक शांतारामबापू. मराठी पडद्याला वाचा फुटून जेमतेम पाच वर्षं झालेली. 'अयोध्येचा राजा' १९३२चा. म्हणजे आवाज हे तेव्हा नवं कोरं खेळणं. कुणी ते उठता-बसता वाजवलं असतं तरी कुणाची तक्रार नव्हती. आणि बापूंनी काय करावं? पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. मामाने फसवून एका पिकल्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा, तिचं ठाम 'नाही', आणि त्या घरात ऐकू येणार ते फक्त घरातलेच आवाज. भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं. ते घड्याळ म्हणजे काकासाहेबांचं वय, हे सांगायला मागे एकही वाद्य नाही. केशवराव दात्यांचा चेहरा आणि ती टिकटिक, एवढ्यावर काम भागतं. शांता आपटे नुसती उभी राहते आणि खोलीतली हवा बदलते. आज हाच प्रसंग चित्रित झाला तर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यावर तबला लागेल, नीरा वळली की पदर तीनदा उडेल, आणि ड्रोन वाड्याच्या कौलांवरून एक प्रदक्षिणा घालून येईल. ड्रोन भाड्याने आणलाय, तर वापरायला नको?

एवढं लिहिलं की 'जुनं ते सोनं' मंडळाचे आजीव सभासद पाठ थोपटायला धावून येतात. थांबा काका. जुन्यात पितळही भरपूर होतं, आणि त्याचा आवाज पितळेसारखाच यायचा. 'माहेरची साडी' १९९१ सालची, म्हणजे तीसुद्धा आता जुनीच की. तिच्यात अलका कुबल जेवढ्या रडल्या, त्याच्या दुप्पट वाद्यं रडली आणि त्याच्या चौपट थिएटर. बायका रुमाल नव्हे, टॉवेल घेऊन जात असत, असं आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जातं. 'पिंजरा'बद्दल तर मी जे म्हणणार आहे त्यावरून कोल्हापूरच्या बाजूला माझं जाणं-येणं बंद होऊ शकतं. डॉक्टर लागूंचा मास्तर थोर, निळू फुले थोर, लावण्यांना तोड नाही. पण संध्याबाईंचा चेहरा जे पहिल्या रांगेपर्यंत पोचवायचं ते थेट रस्त्यापलीकडच्या रसवंतीगृहापर्यंत पोचवतो. 'कुंकू'त घड्याळावर भागवणारे बापू आणि हे बापू एकच, यावर विश्वास ठेवायला मला अजून जड जातं. मधली पस्तीस वर्षं माणसाला काय करतात बघा. १९७२ साली त्यांच्याकडे रंग होता, पैसा होता, नाव होतं, आणि गप्प बसण्याची सवय मोडली होती.

उलट 'संत तुकाराम' (१९३६) हा अभंगांनी भरलेला सिनेमा असून तो गोंगाट करत नाही. विष्णुपंत पागनीसांची सगळे तारीफ करतात, केलीच पाहिजे. पण माझं मत गौरीबाईंना. एका हाताने आजारी पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला निघालेली त्यांची आवली पाहा. या बाईला कुणी अभिनय शिकवला नव्हता, म्हणून तो बिघडलाही नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाची दखल घेतली गेली. दामले-फत्तेलालांनी पोस्टरवर त्याचं काय केलं मला ठाऊक नाही, पण आजचा निर्माता कुठल्याशा महोत्सवाच्या पानाफुलांचं चिन्ह छापायला नायकाचा चेहरा कापतो.

आता ऐतिहासिक. एकट्या २०२२ मध्ये 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सरसेनापती हंबीरराव' आणि 'हर हर महादेव' असे चार सिनेमे आले आणि त्यांत महाराजांच्या भूमिकेत तीन वेगवेगळे नट आले. महाराजांविषयी माझी काही तक्रार असण्याचा प्रश्नच नाही. तक्रार ढोलांची आहे. मावळा दोर पकडतो, ढोल. मावळा दोर सोडतो, ढोल. मावळा भाकरी मोडतो, त्यालाही ढोल. अरे, गनिमी कावा आहे ना? शत्रूला ऐकू जाईल! भालजी पेंढारकरांच्या १९५२च्या 'छत्रपती शिवाजी'तही आवेश काही कमी नव्हता, संवाद चांगले खणखणीत होते; पण चंद्रकांत मांडरे बोलत असताना बाकी सगळे गप्प बसून ऐकत, वाद्यांसकट. शिस्त होती दरबाराला.

चरित्रपटांचंही तेच. बालगंधर्व झाले, लोकमान्य झाले, घाणेकर झाले, 'हर हर महादेव'मध्ये महाराज झाले, मग हिंदीत तुकारामही झाले. आता सुबोध भावेंनी न केलेला थोर पुरुष शोधायचा तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन दप्तरं चाळावी लागतील. नट गुणी आहे, वादच नाही. पण निर्मात्यांनी मधूनमधून एखाद्या सामान्य माणसावरही सिनेमा काढावा. रेशनच्या रांगेतला चालेल. तोही सुबोध भावे करतील.

विनोदात शांततेला आणखीच भाव. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला. म्हणजे उसनवारी हे पाप नव्हे, उसनं घेऊन वाया घालवणं हे पाप. वसंत सबनीसांनी लिहिलं, सचिनने बेतलं, आणि अशोक सराफांनी त्यात थांबे घातले. धनंजय माने थाप मारण्याआधी अर्धा क्षण थांबतो. त्या अर्ध्या क्षणात आपल्याला थाप दिसते, पकडलं जाण्याची भीती दिसते आणि मग जे हसू येतं ते आपलं स्वतःचं असतं. समोर सुधीर जोशींचे सरपोतदार नुसते ऐकत असतात, आणि त्यांच्या ऐकण्यालाच थिएटर कोसळतं. आजच्या विनोदी सिनेमात वाक्य संपायच्या आत 'टुंग' वाजतं. टुंग म्हणजे हसा. दोन टुंग म्हणजे जोरात हसा. आणि या वर्षी टुंग चाललं तर पुढच्या वर्षी 'टुंग २'. (बनवाबनवीची वाक्यं मोबाइलवर दिवसरात्र पाठवणाऱ्या आमच्या भाचे कंपनीपैकी निम्म्यांनी तो सलग पाहिलेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. कपड्यांवर छापून आलेला सिनेमा पाहावा लागत नाही.)

नवीन पिढीला मात्र सरसकट झोडपायची सोय नागराज मंजुळेंनी ठेवलेली नाही. 'सैराट' घ्या. अजय-अतुल संगीत घेऊन थेट लॉस एंजेलिसला गेले, तिथल्या वादकांचा ताफा बसवला, आणि करमाळ्याच्या बाजूच्या विहिरी-केळीबागांवर सिंफनी सोडली. हे सगळं मोठ्ठं, दणदणीत, आणि बरोबर; सतराव्या वर्षी प्रेमात पडलेल्या पोराच्या कानात याहून लहान काही वाजतच नसणार. महाराष्ट्रभर पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचली, नाणी उधळली. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत त्या माणसाने सगळं बंद करून टाकलं. दार उघडं, शेजारणीकडून परत आलेलं लहान मूल, आणि काही नाही. एवढा खर्चाचा वाद्यवृंद हाताशी असताना तो वाजवायचा नाही, हा निर्णय घ्यायला छाती लागते. झिंगाटवर नाचलेलीच पोरं थिएटरातून मान खाली घालून बाहेर पडत होती, मी पाहिलीत. पुढे २०१८ मध्ये हिंदीवाल्यांनी त्याचा 'धडक' केला तेव्हा गोष्ट उदयपूरला नेली, राजवाडे आणले, तलाव आणला, कपडे इस्त्रीचे आणले. जात तेवढी आणता आणता बहुतेक वाटेत पडली. सामान फार असलं की होतं असं.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' हा दुसरा. कॅमेरा एका जागी मांडी घालून बसतो आणि हलत नाही. कोर्टात जसं खरंच होतं तसं होतं, म्हणजे काहीच होत नाही, तारीख पडते. सुट्टी लागते, लोक निघून जातात, दिवे मालवले जातात, पडद्यावर काळोख. आमच्या रांगेतले निम्मे प्रेक्षक चपला शोधू लागले, काही तर जिन्यापर्यंत पोचले, आणि एवढ्यात न्यायाधीशसाहेब सहलीला निघाले! उभी असलेली माणसं तशीच भिंतीला टेकून बाकीचा सिनेमा पाहत राहिली. आपल्याला संपलं म्हणून सांगायलाही संगीत लागतं, त्याला दिग्दर्शक तरी काय करणार?

याच 'कोर्ट'च्या महिन्यात, एप्रिल २०१५ मध्ये, मल्टिप्लेक्सात मराठीला प्राइम टाइम द्यायचाच असा सरकारी फतवा निघाला होता. वर्तमानपत्रांत धुरळा उडाला, पॉपकॉर्न विरुद्ध मिसळ अशी राष्ट्रीय चर्चा झाली, आणि शेवटी तडजोड अशी निघाली, की दुपारी १२ ते रात्री ९ हा प्राइम टाइम समजावा. भर दुपारी बाराला मराठी माणूस एकतर कचेरीत असतो किंवा पानावर. चार वाजता सुटून तो आला, तर खेळ रद्द झालेला असतो; कारण, बाराला कुणीच आलं नाही.

मागच्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' पाहायला अशाच एका आडवेळच्या खेळाला गेलो. सनडान्सला त्याच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवून आलेला सिनेमा. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो, आणि तिथे त्याचा जुना मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम, तेही सुतकाच्या घरात. एखाद्याने यावर व्हायोलिनांची अख्खी पलटण घातली असती. इथे एकही नाही. शेळ्या, पाखरं, भांडी, लोकांची कुजबुज आणि लग्न कधी करणार हा प्रश्न, एवढंच वाजतं. 'कुंकू'तल्या घड्याळानंतर घरातल्या आवाजांवर इतका भरवसा टाकणारा मराठी सिनेमा मी क्वचितच पाहिलाय. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. सिनेमा चांगला वीसेक मिनिटं पुढे गेला होता. एवढ्यात शेजारच्या गृहस्थांचा फोन वाजला, त्यांनी तो उचलला, आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात पलीकडच्याला म्हणाले, "बोल ना, बोल. नाही रे, अजून सुरू व्हायचाय."