द्वारका ओलांडेपर्यंत क्ष मानू

गणिताच्या पुस्तकातली माणसं प्रवासाला फार सोयीची. अ गावाहून ताशी ६० किलोमीटरने निघतात आणि ब गावी पोचेपर्यंत काटा ६०वरून हलत नाही. वाटेत कुणाला चहाची तल्लफ येत नाही, मळमळत नाही, गॅस बंद केला का ते आठवत नाही. अशा माणसांचा प्रवास समीकरणात बसतो, यात त्या समीकरणाचं काय कौतुक?

पण हे दहावीतल्या भाचीला सांगायची सोय नव्हती. श्रावणात पाटणादेवीला जायचं ठरलं, तेव्हा ताईने लेकीला माझ्याबरोबर एका अटीवर सोडलं: वाटेत तिच्याकडून वेळ-वेग-अंतराची उदाहरणं करून घ्यायची. पाटण म्हणजे भास्कराचार्यांचं नाव जिथे दगडावर कोरलंय ते ठिकाण, त्यामुळे अट धार्मिक वाटली आणि मी मान्य केली.

पंचवटीत रिक्षात बसलो आणि पुलावर येताच पहिलं उदाहरण निघालं. नाव प्रवाहाच्या दिशेने इतकी जाते, उलट दिशेने इतकी, तर प्रवाहाचा वेग किती? नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा य. जाताना क्ष अधिक य, येताना क्ष वजा य. रीत सोपी आहे. पण नाशिककराला गोदेचा वेग ताशी किलोमीटरमध्ये कधी कळलेला नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तो एवढंच विचारतो, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का कमरेला? कमरेच्या वर गेलं की नावेचा प्रश्नच उरत नाही. आणि उन्हाळ्यात य बरोबर शून्य, त्यामुळे तेव्हा हे उदाहरण तोंडी सुटतं.

"मामा, आता माझं," भाची म्हणाली. "ही रिक्षा ताशी २०ने गेली तर स्टेशनवर ५ मिनिटं उशिरा पोचेल. ३०ने गेली तर ५ मिनिटं आधी. अंतर किती?"

"तूच सांग."

"अंतर क्ष. क्ष भागिले २०, वजा क्ष भागिले ३०. दोन वेळांतला फरक १० मिनिटं, म्हणजे तासाचा सहावा भाग. छेद ६० केला की क्ष छेद ६० बरोबर १ छेद ६. अंतर १० किलोमीटर!"

रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे बघितलं. "दहाच आहे ताई, कुणालाही विचारा. द्वारका किती वेळात सुटंल, ते काढा ना तुमच्या त्याच्यात."

ज्यांना द्वारका चौक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात आणि भेटल्यावर लवकर सोडत नाहीत. डोक्यावरून उड्डाणपूल जातो. त्यावरच्या गाड्या कुठेतरी पोचत असाव्यात. आमच्या डाव्या अंगाला उसाची ट्रॉली, उजव्या अंगाला लग्नाचा बॅन्ड असलेला टेम्पो, आणि पुढे एक बस. तिच्या मागच्या काचेवर धुळीत कुणीतरी बोटाने बदाम काढून दोन नावं लिहिली होती. ती पाठ झाली तरी आम्ही तिथेच.

भाचीने आव्हान घेतलं. "द्वारकेला लागणारा वेळ ट मानू. २०ने गेलो तरी ट लागणार, ३०ने गेलो तरी ट लागणार. म्हणून दोन्ही वेळांत ट मिळवला. आता वजाबाकी..." ती थांबली.

"काय झालं?"

"मामा, ट उडाला."

पहिल्या वेळेतून दुसरी वजा केली की ट वजा ट, शून्य. अंतर पुन्हा दहाच. एवढ्या सहज द्वारका चौक आजवर कुणी उडवला नसेल. ते बघून मात्र मला बीजगणिताचा स्वभाव कळल्यासारखा झाला. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते बीजगणित अचूक काढून देतं, आणि ज्यापायी आपण खोळंबलोय ते सौजन्याने दोन्ही बाजूंनी काढून टाकतं. ट हवा असेल तर आणखी एक समीकरण लागतं, आणि ते देणारा वाहतूक पोलीस त्या वेळी झाडाखाली फोनवर बोलत होता.

स्टेशनवर पोचायला आम्हाला उशीर झाला, गाडीला आमच्याहून जास्त झाला होता, त्यामुळे आम्ही वेळेवर पोचलो. हा नियम पुस्तकात नाही.

नाशिकरोडहून चाळीसगाव १४० किलोमीटर. रुळांच्या कडेला विजेच्या तारांचे खांब असतात, त्यांवर वर किलोमीटरचा आकडा आणि खाली खांबाचा. हे किलोमीटर मुंबईपासून मोजलेले. वरचा आकडा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंत सेकंद मोजायचे आणि ३६००ला त्याने भागायचं, की ताशी वेग हातात. ४५ सेकंद आले तर ८०. कसबे सुकेणे, निफाड, लासलगाव... भाची आकडे पुकारत होती आणि समोरचे एक आजोबा कांद्याचा भाव. दोन्ही सारखेच वरखाली होत होते.

समिट स्टेशन गेल्यावर तिने डब्यालाच उदाहरण घातलं. "जाताना ताशी ६०, येताना त्याच रस्त्याने ताशी ४०. सरासरी किती?"

"पन्नास!" अख्खा डबा. आजोबांनी तर मत नोंदवल्यासारखा हात वर केला.

"अठ्ठेचाळीस," भाची म्हणाली आणि गदारोळ झाला. एका बीकॉमवाल्याने मोबाइल काढला. अंतर १२० धरा, ती सांगू लागली, जायला २ तास, यायला ३, म्हणजे २४० किलोमीटरला ५ तास. आजोबांचा त्या दोन किलोमीटरच्या तुटीवर विश्वास बसेना. कुणीतरी मध्ये खाल्ले असणार, असं त्यांचं मत पडलं.

तेवढ्यात शेंगदाणेवाला टोपली खाली ठेवून म्हणाला, "बरोबर आहे पोरीचं. हळू गाडीत माणूस जास्त वेळ बसतो ना भाऊ. माझा निम्म्याहून जास्त माल तिच्यातच खपतो."

याहून चांगलं स्पष्टीकरण मी कुठल्या क्लासमध्ये ऐकलेलं नाही. आम्ही त्याच्याकडून चार पुड्या घेतल्या.

चाळीसगावहून पाटणादेवीला जीप केली. भास्कराचार्य जन्मले १११४ साली आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा झाला. सह्याद्रीच्या पायथ्याचं त्यांचं गाव नेमकं कोणतं, यावर विद्वान अजून भांडतात. पण पाटणच्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. सन १२०७. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख जगापुढे आणला. त्याच्या मराठी भागात लिहिलंय की इथल्या बाजारात गिऱ्हाइकाकडून मिळणारं राजाचं उत्पन्न मठाला दिलं. थोडक्यात, गणिताच्या क्लासची फी तेव्हा बाजारहाट करणारे भरत होते. ताईने हे ऐकलं तर ती मठाच्या बाजूने उभी राहील.

येताना डोंगर मागे पडत होता आणि मी भाचीला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं एक उदाहरण घातलं. शत्रूचे हत्ती पळवायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, पुढे रोज सारखी वाढ करत ७ दिवसांत ८० योजनं जातो, तर रोजची वाढ किती? तिने वहीत मांडलं. सात दिवसांचे नुसते दोन-दोन मिळून १४. वाढ एकवीसदा मोजली जाते. १४ अधिक २१ क्ष बरोबर ८०. क्ष बरोबर २२ छेद ७ योजनं.

"मग शेवटच्या दिवशी?"

"जवळजवळ २१ योजनं." योजन म्हणजे ३२,००० हात. तिने हात दीड फुटाचा धरला, किलोमीटर केले आणि वही डोळ्यांजवळ नेली. "मामा, तीनशे! एका दिवसात! पंचवटीतून मुंबईला जाऊन परत यायला निघाल्यासारखं. तेही सहा दिवस चालून दमल्यावर!"

जीपवाला एवढा वेळ गप्प होता. त्याने गियर बदलला, एक खड्डा डावीकडून आणि दुसरा उजवीकडून चुकवला.

"रस्ता चांगला असंल तेव्हा," तो म्हणाला.