न खेळता दिलेला निकाल

बांधावर पाऊल न टाकता उसाचा एकरी उतारा सांगणारे कोडोलीच्या पारावर पुष्कळ भेटतात. परंतु १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ अवतरल्यापासून मेजावरील साहसकथांचे जे परीक्षक निपजले, त्यांच्यापुढे आमच्याच पन्हाळा तालुक्यातील १६६० सालचा पन्हाळगडाचा वेढा खेळाचा निव्वळ आराखडा म्हणून पेश केला, तर फाशाला हातही न लावता ते शेरा मारतील की, सिद्दी जौहरचा पहारा अवाजवी कडक, मुसळधार पाऊस केवळ वातावरणनिर्मितीसाठी, आणि शिवाजी महाराजांच्या वेषात पालखीत बसणाऱ्या शिवा काशिदाची भूमिका कोणीही खेळाडू पत्करणार नाही. सबब प्रकरण खेळण्यास अयोग्य, दप्तरी दाखल. नकाशाची छपाई मात्र सुबक असल्याचा अभिप्राय ते आवर्जून नोंदवतील.