थापीचं वजन

नाक्यावर सकाळी आठला भाव फुटतो. गवंड्याचा वेगळा, बिगाऱ्याचा वेगळा, आणि बाई असेल तर त्याहून कमी. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच आला; पण तो ‘समान कामा’साठी. मुकादमाला एवढी पळवाट पुरते. बाईचं काम वेगळं ठेवलं की झालं.

हे वेगळं काम म्हणजे काय? साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या मालाचं घमेलं आणि बांबूच्या परांचीवरून तिसरा मजला. वीस वर्षं. मग गवंडीकाम का नाही शिकवलं? मिस्त्री कळवळून सांगतो, “बायांना जड पडतं हो!” थापी भरते जेमतेम अर्धा किलो. ओळंब्याला तर दोरी असते.

बाईला बांधकामातलं कळत नाही, हा सिद्धांत पक्का असतानाच शकुंतला भगत 1953 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे पूल बांधत सुटल्या. चिनाब पुलाच्या पायाचे खडक तपासून सल्ला देण्यात प्रा. माधवी लता यांची सतरा वर्षं गेली. साइटवर मात्र आजही इंजिनिअर बाई आल्या की प्रश्न येतो, “साहेब कुठायत?”

1996 च्या कायद्यात अट होती: पन्नासहून जास्त बाया कामावर असतील, तर पाळणाघर हवं. ठेकेदाराची मोजणी कशी कोण जाणे, पन्नासावरच अडायची. एक्कावन्नावीचं पोर वाळूच्या ढिगाशेजारी, साडीच्या झोळीत झोपलेलं असायचं.