मूळ कार्यालयाशी संपर्क साधावा

मोटार वाहन कायदा, 1988 हा मोठ्या मनाच्या माणसांनी लिहिला असावा. त्याचं कलम 13 सांगतं की, लायसन्स भारतभर चालेल. म्हणजे लातूरला काढलेल्या लायसन्सवर लेहला जा, लखनौच्या एकेरी रस्त्यात उलटे शिरा, कन्याकुमारीला ‘नो पार्किंग’मध्ये गाडी लावा, पावती फाटेल, पण ‘हे लायसन्स इथलं नाही’ असं कुणी म्हणणार नाही. कलम 15 तर आणखी उदार. मुदत संपलेल्या लायसन्सचं नूतनीकरण कोणतंही परवाना कार्यालय करू शकतं, असं त्यात म्हटलंय. ज्यानं दिलं त्यानंच करावं, अशी सक्ती नाही.

हे वाचून आमचे मेहुणे फार खूश झाले होते. माणूस साधा आहे. कायदा छापून आला म्हणजे तो लागू झाला, असं समजणाऱ्या पिढीतला.

त्यांनी लायसन्स 2005 साली मराठवाड्यातल्या आपल्या जिल्ह्याच्या गावी काढलं, तेव्हाच्या नियमानं 20 वर्षांसाठी. मग नोकरीपायी पुण्याला आले, फ्लॅट घेतला, सिंहगड रोडवर गाडी चालवू लागले. (चालवू लागले, असं म्हणायची पद्धत आहे. गाडी बहुतेक वेळ उभीच असते.) मुदत संपत आली तशी त्यांनी ‘सारथी’ पोर्टल उघडलं. हल्लीच्या लायसन्सचा क्रमांक पंधरा अक्षरी असतो: राज्य, कार्यालयाचा कोड, साल आणि पुढे सात आकडे. मेहुण्यांच्या पुस्तिकेत मात्र दोन तिरक्या रेघा, मधे एक साल आणि बाकी कारकुनाचं हस्ताक्षर. पोर्टलनं ते सगळं नम्रपणे नाकारलं. माहिती आढळली नाही, मूळ कार्यालयाशी संपर्क साधावा.

मेहुणे इथल्याच एका कार्यालयाच्या खिडकीवर गेले.

“काका, तुमचं रेकॉर्ड ऑनलाइन नाही. बॅकलॉग एन्ट्री करून आणा.”

“इथे नाही का होणार?”

“रजिस्टर त्यांच्याकडे असतं ना. तिथे जावं लागेल.”

मेहुण्यांनी मोबाइलवर कलम 15 उघडून पुढे धरलं. त्यातल्या सहाव्या पोटकलमावर बोट ठेवलं: नूतनीकरण दुसऱ्या कार्यालयानं केलं, तर त्या कार्यालयानं मूळ कार्यालयाला तसं कळवायचं आहे. म्हणजे दोन कार्यालयांनी आपसात बोलायचं, ही जबाबदारी 1988 च्या कायद्यानंच त्यांच्यावर टाकली आहे. निरोप्याचं काम नागरिकाला दिलेलं नाही. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून मजकूर नीट वाचला. माणूस प्रामाणिक होता.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण सिस्टिम घेत नाही.”

संसद कायदा करते, न्यायालय त्याचा अर्थ लावतं आणि सिस्टिम तो घेत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा तिसरा स्तंभ अजून का आला नाही, कळत नाही.

मराठी माणूस पोटासाठी कुठेही गेला, तरी त्याला अधूनमधून कुलदैवताला जावंच लागतं. आता त्यात मूळ आरटीओची भर पडली आहे. इथेही बाहेर दुकानांची रांग असते. फक्त हळदीकुंकवाऐवजी झेरॉक्स, फोटो आणि फॉर्म मिळतात. इथेही आत नेऊन दर्शन घडवणारे असतात. आणि वय वाढेल तशा वाऱ्या वाढतात, कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर 30 ते 50 वयाच्या माणसाला दहा वर्षांसाठी लायसन्स मिळतं आणि 55 नंतर पाच-पाच वर्षांचं.

तर मेहुणे रात्रीच्या गाडीनं गेले. “जाताच आहात तर येताना ज्वारी आणा,” असं आमच्या ताईनं सांगून त्या प्रवासाला निदान एक उपयुक्त हेतू मिळवून दिला. तिथल्या कार्यालयात रजिस्टर सापडलं, पान सापडलं, नावही सापडलं. एन्ट्री करणारा माणूस तेवढा प्रशिक्षणाला गेला होता. बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या एजंटनं मेहुण्यांकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“काका, उगाच त्रास घेतला. पुण्याहून मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तरी झालं असतं.”

‘कुठूनही, कधीही’ ही घोषणा सरकारनं अनेकदा दिली. ती अमलात आणली कडुनिंबाखालच्या माणसानं.

एन्ट्री झाल्यावरही संपत नाही. चाळिशीनंतर फॉर्म 1-अ लागतो, डॉक्टरांचा. 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखू येतो का, असं त्यात विचारलेलं आहे. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “दिसतं ना?” मेहुणे म्हणाले, “दिसतं.” तपासणी संपली. आपल्या चौकांमध्ये लाल-हिरव्याचा भेद ओळखून कुणाचं काय भलं झालंय, असंही डॉक्टरांना वाटलं असेल.

आता कुणी म्हणेल, हे सगळं घरबसल्या होतं. खरंच होतं. 2021 च्या मार्चमध्ये केंद्रानं परवाना आणि वाहन नोंदणीच्या 18 सेवा आधार जोडून ऑनलाइन केल्या आणि त्यांत नूतनीकरणही आहे. फक्त आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळायला हवं. ज्याच्या वडिलांचं नाव विठ्ठल आहे, त्यानं इंग्रजीत ‘टी’ किती आणि ‘एच’ किती, हे वीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या लहरीनुसार सिद्ध करायचं असतं. विटेवर उभा राहून तो अठ्ठावीस युगं थांबला. त्याच्या नावाच्या मुलानं चार आठवडे थांबायला काय हरकत आहे?

शिवाय नवं कार्ड स्पीड पोस्टनं येतं, लायसन्सवर असलेल्या पत्त्यावर. नूतनीकरणाबरोबर पत्ता बदलायचीही खूण केली नाही, तर कार्ड निघतं थेट जुन्या गावातल्या त्या वाड्याकडे, जिथे आता मंगल कार्यालय उभं आहे. पोस्टमन ते परत नेतो.

या देशात 2015 च्या जुलैपासून मोबाइल नंबर घेऊन कुठल्याही राज्यात राहता येतं. 2018 पासून पासपोर्टचा अर्ज देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयात करता येतो. म्हणजे देशाबाहेर जायचा कागद कुठेही मिळतो. कात्रजला जायचा कागद मात्र जन्मगावचं रजिस्टर विचारतो. नूतनीकरणाची सरकारी फी 200 रुपये आहे. मेहुण्यांच्या ज्वारीच्या पोत्याची हमालीच त्याहून जास्त झाली.

परिवहन खात्याकडे फार काही मागणं नाही. एका कार्यालयानं दुसऱ्याला ई-मेल करावा, दुसऱ्यानं रजिस्टरचं पान उघडून एन्ट्री करावी. ज्वारी आमची आम्ही आणू.

तोवर वाचकहो, आपलं लायसन्स ड्रॉवरमधून काढून तारीख बघा. मुदतीच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. आज जेवण झाल्यावर आपला क्रमांक पोर्टलवर टाकून पाहा. माहिती आढळली नाही, असं उत्तर आलं, तर कायद्याचं पुस्तक मिटून ठेवा आणि रेल्वेचं अ‍ॅप उघडा. गावाकडच्या गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं.