नकाशा बघा, हात लावू नका

आपल्याकडे नकाशा 'जनतेसाठी खुला' होतो म्हणजे नेमकं काय होतं? संकेतस्थळावर एक पीडीएफ चढते. किंचित तिरकी स्कॅन केलेली, कोपऱ्यात साहेबांची सही, शेजारी गोल शिक्का. आरक्षणाचा रंग कोणता हे सूचीत बघावं, तर सूची नेमकी घडीत गेलेली. मोठा करून पाहिला की गट नंबरांचा लगदा. झाला खुला.

सोय नाही म्हणावं, तर ती पंचवीस वर्षं जुनी. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेनं 2000 साली वेब मॅप सर्व्हिस, म्हणजे डब्ल्यूएमएस, हे मानक आणलं. ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या भाषेत मागा: 'या चौकोनातला हा थर द्या'. सर्व्हर तेवढं चित्र धाडतो. 'तुमच्याकडे आहे तरी काय काय?' असंही विचारता येतं, आणि तो मुकाट्यानं यादी देतो. कचेरीत हाच प्रश्न विचारून बघा, 'आपण कोण?' हे उत्तर मिळेल.

2002 साली वेब फीचर सर्व्हिस, म्हणजे डब्ल्यूएफएस, आलं. ते चित्रावर भागवत नाही; खुद्द सीमारेषा आणि त्यांच्यामागची माहिती हातात ठेवतं. मग क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकटातलं सॉफ्टवेअर उघडायचं, पूररेषेवर विकास आराखड्याचा थर चढवायचा. कोणाचा बंगला नदीपात्रात उभा आहे हे शेजारची कॉलेजातली पोरगीही सांगेल. (पीडीएफ इतकी लाडकी का, ते आलं लक्षात?)

मानकवालेही काही संत नव्हेत. डब्ल्यूएमएसच्या 1.1.1 आवृत्तीत आधी रेखांश, मग अक्षांश. 1.3.0 मध्ये, त्याच नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीसाठी, क्रम उलटा! जुन्या सवयीनं आकडे टाकले की पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेकडच्या गारठ्यात जाऊन पडतं. तिथं निदान पार्किंग मिळेल.

इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं संकेतस्थळ 2009 पासून आहे आणि त्यावरचे थर डब्ल्यूएमएसनं मिळतात, हे मान्य. 15 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्रानं नकाशांवरची पूर्वपरवानगीची बेडीही काढली. आता 'वरून बंदी आहे' हे कारणही गेलं. तरी बरीच सरकारी संकेतस्थळं अजून 'नकाशा पाहा' या बटणापाशीच थांबलेली आहेत: काचेच्या आत मिठाई, बाहेर गिऱ्हाईक. पाहा, पण घेऊ नका.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गावच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या, की रस्तारुंदीच्या आधी पहिली हरकत ही लिहा: पीडीएफ नको, डब्ल्यूएफएसचा पत्ता द्या. आणि पोच घ्यायला विसरू नका.